शेवाळ खरवडणाऱ्या गुणाजीकाकांना

गुणाजीकाका, तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले आणि गेले चार दिवस मी गाढ झोपते आहे. गेलेल्या माणसाला असं तोंडावर सांगणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण तुमच्याशी गुळमुळीत बोलायची सवय मला कधीच नव्हती. तुम्ही गेलात त्याचं दुःख आहे. आणि त्या दुःखाच्या शेजारी, खरं म्हणजे त्याच्याहून चार बोटं वरच, सुटल्याची भावना आहे. कशातून सुटले ते तुम्हाला दोन वर्षं माहीत होतं. मला चार दिवसांपूर्वी कळलं.

तुमच्यामुळे आपल्या कॉलनीत ऋतू दोनच होते, शेवाळाआधीचा आणि शेवाळाचा. मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याला या चार जुन्या इमारती, आणि मधून गेटापासून मागच्या टाकीपर्यंत उतरत जाणारी एक वाट. दोन्ही बाजूंनी जांभळं आणि बदाम, त्यामुळे पावसाळ्यात तिला ऊन माहीत नाही. जुलै अर्धा सरला की वाट आधी हिरवी, मग काळी होते, आणि मग पाय ठेवला की पायाखालून निघून जाते. पालिकेचा रस्ता गेटापाशी संपतो, त्यामुळे आतल्या वाटेला वाली कोणी नाही. ते पद तुम्ही स्वतःच घेतलंत. निवडणूक नाही, ठराव नाही.

सकाळी सहाला तुमचं खरवडणं सुरू व्हायचं. सिमेंटवर लोखंडी पत्र्याचा तो आवाज ऐकून दुसऱ्या मजल्यावर माझे दात शिवशिवायचे. "शेवाळ ओला असताना घासूचा नाय," हा तुमचा पहिला नियम. पाऊस जरा उघडला, वरचं पाणी ओसरलं की पत्र्याने खरवडायचं, खराट्याने लोटायचं, ब्लीचिंग पावडर टाकायची, तासभर कोणाला पाय ठेवू द्यायचा नाही आणि मग कच. दगडाचा तो बारीक चुरा जवळपास कुठे बांधकाम असेल तिथून तुम्ही गोणीत भरून आणायचात, आणि वाकून, मनगटाला एक हिसका देऊन वाटेवर पसरायचात. "टाकूची नाय गो, पेरूची. भात पेरतत तशी." एका साली तुम्ही कचीऐवजी गावाकडच्यासारख्या माडाच्या झावळ्या अंथरल्या होत्यात. तिसऱ्याच दिवशी दोन बायकांच्या चपलांच्या टाचा त्यात अडकल्या आणि झावळ्या निवृत्त झाल्या.

आपलं भांडण त्या कचीवरून. ती चपलांना चिकटून घरात यायची, नव्या फरशीवर चरे पाडायची, पावसाच्या जोरात वाहून गटारात बसायची. गटार तुंबलं की पाणी कोणाच्या दारात, तर तुमच्याच, तळमजल्यावरच्या. तरी तुम्ही कधी कबूल केलं नाही. "गटार पिशव्यांनी तुंबता," म्हणायचात. काका, मी स्वतः गटारातून पाटीभर कच उपसून तुमच्यासमोर ओतली होती. तुम्ही ती बघितलीत, मूठभर हातात घेतलीत आणि म्हणालात, "चांगली धुतली गेली. परत वापरूक येतली." या मुद्द्यावर मी आजही मागे हटायला तयार नाही. तुम्ही गेलात म्हणून गटाराचा दोष पिशव्यांवर जाणार नाही.

मग माझ्या भावाने तुमचं डोकं आणखी फिरवलं. तो कॅनडात राहतो. एका जानेवारीत त्याने व्हिडिओ कॉल केला तेव्हा तुम्ही आमच्याकडे चहा पीत होतात. तो कानटोपी घालून घरासमोरच्या फुटपाथवरचा बर्फ फावड्याने ओढत होता. तिथे म्हणे आपापल्या दारासमोरचा फुटपाथ ज्याचा त्याने साफ करायचा, आणि वर मीठ आणि वाळू पसरायची, म्हणजे येणारा जाणारा घसरत नाही. तुम्ही माझ्या हातातून फोन काढून घेतलात. "आणि नाय केला तर?" भाऊ म्हणाला, "काका, नोटीस येते." तुमचा चेहरा मी विसरणार नाही. इतकी वर्षं शिव्या खाल्लेल्या माणसाला वरच्या कोर्टात न्याय मिळाला होता. "बघ, थंय पण कच घालतत. आणि हंय माका खुळो म्हणतत." त्यानंतर दोन महिने भेटेल त्याला तुम्ही कॅनडाचा फुटपाथ सांगत होतात. शेवाळाला 'आपलो बर्फ' म्हणायला लागलात. आणि त्या पावसाळ्यात, कोणाला न विचारता, पाच पिशव्या खडे मीठ वाटेवर टाकलंत. शेवाळ थोडं गेलं. वाटेकडेचं काकींचं अळू मात्र मुळासकट जळलं आणि अख्खा श्रावण घरात फदफदं झालं नाही. काकी तुमच्याशी चार दिवस बोलत नव्हत्या.

हे सगळं हसत हसत आठवतं आहे, कारण आता हसता येतं. मधली दोन वर्षं यातलं काही आठवलं की मी उठून दुसऱ्या कामाला लागायचे.

मी सेक्रेटरी झाले ते साल. कॉलनीतली पहिली बाई सेक्रेटरी, त्यामुळे काहीतरी दिसेल असं करून दाखवायची मला भारी हौस. ती काळी, तडकलेली वाट मला लाजिरवाणी वाटायची. मी दुकानात जाऊन लाद्या पसंत केल्या, फिकट गुलाबी, मध्ये नक्षी. दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं की या घसरत नाहीत. गेटापासून नळाच्या वळणापर्यंत नमुना म्हणून बसवायच्या, पावसाळा काढायचा, आणि मग उरलेल्या वाटेचं ठरवायचं. तुम्ही मीटिंगमध्ये उभे राहिलात. "पायाक धरूक काय तरी व्हया. ह्या लादीवर माशी बसली तर ती पण घसरतली." सगळे हसले. मी म्हटलं, "काका, माशीसाठी नाही करत आहोत, माणसांसाठी करतोय." तेव्हाही सगळे हसले, आणि जास्त हसले. तुम्ही खाली बसलात. लाद्या बसल्या, आणि त्या भागात कच टाकायला मी मनाई केली. नक्षीवर चरे पडतील म्हणून.

आता ती गोष्ट, जी मी दोन वर्षं नवऱ्यालाही सांगितली नाही. तुम्ही पडलात त्याच्या आठ दिवस आधी त्या लाद्यांवर मी पडले होते. संध्याकाळी ऑफिसातून येत होते, एका हातात छत्री, दुसऱ्यात भाजीची पिशवी. नळाच्या वळणावर दोन्ही पाय एकदम पुढे गेले आणि मी कोपरावर आदळले. पाऊस मुसळधार, वाटेवर चिटपाखरू नाही. मी आधी इकडे तिकडे बघितलं. कोपर दुखतंय की नाही हे मागाहून. कोणी बघितलं नाही ना, हे आधी. मग टोमॅटो गोळा केले आणि वर गेले. नवऱ्याला सांगितलं, स्टेशनच्या जिन्यावरून घसरले. कोपर जांभळं झालं होतं. मी आठवडाभर लांब बाह्यांचे कुर्ते घालून फिरले. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला वाटेवर थांबवलंत. "हाताक काय झाला?" "स्टेशनचा जिना," मी म्हटलं. तुम्ही माझ्या हाताकडे बघितलंत, मग लाद्यांकडे, आणि नुसतं "बघून चल हो," म्हणालात. मी सांगितलं असतं तर लाद्या दुसऱ्या दिवशी उखडाव्या लागल्या असत्या आणि माशीचं तुमचं खरं ठरलं असतं. मी गप्प बसले.

आठ दिवसांनी सकाळी काकींची हाक आली. मी धावत खाली आले तर तुम्ही तुमच्या दाराच्या उंबऱ्यात आडवे, अर्धे आत, अर्धे बाहेर. हाफ पँट, गंजी, सगळं चिंब. पाय विचित्र वळलेला. अँब्युलन्सवाल्यांनी स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा मी तुमचा हात धरला आणि विचारलं, "काका, कुठे पडलात?" तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "तुझ्या लाद्यांवर पडलंय गो."

तिथून कसेबसे सरपटत उंबऱ्यापर्यंत आलात, असं आम्ही सगळ्यांनी धरलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. लाद्या त्याच आठवड्यात मी स्वतः उभी राहून उखडल्या आणि सेक्रेटरीपद सोडलं. कोणी मला बोललं नाही. कॉलनीतल्या शहाभाभी उलट म्हणाल्या, "तुला काय माहीत होतं?" तेच तर होतं. मला माहीत होतं.

तुम्ही वॉकर घेऊन घरात फिरायला लागलात, पण पावसात वाटेवर परत कधी आला नाहीत. मग वाटेचं काम मी घेतलं. भरपाई म्हणून घेतलं, सेवा वगैरे काही नव्हतं त्यात. सकाळी सहाला पत्रा आणि खराटा घेऊन मी वाटेवर, आणि तुम्ही खिडकीत खुर्ची टाकून. गजांवर काठी आपटून मला हाका मारायचात. "हंय रवला बघ. ता कोपऱ्यातला कोण काढतला, तुझो घो?" दोन पावसाळे तुम्ही मला खिडकीतून शिकवलंत. पत्रा किती तिरपा धरायचा, उताराच्या वरून सुरुवात करायची की खालून, ब्लीचिंग वाऱ्याकडे पाठ करून टाकायचं. हिसका काही मला जमला नाही. माझी कच ढिगाढिगाने पडायची आणि तुम्ही कपाळावर हात मारायचात. मागाहून काकी चहा द्यायच्या आणि आपण तासभर बसायचो. माझे वडील लवकर गेले. एवढा वेळ माझ्याशी बोलत बसलेला म्हातारा माणूस मला आयुष्यात दुसरा भेटला नाही, काका. आणि त्या प्रत्येक तासात मी मनात हाच हिशोब करत होते की हा माणूस या खुर्चीत माझ्यामुळे आहे.

कितीदा सांगायचा प्रयत्न केला. "काका, त्या लाद्यांचं..." एवढं म्हटलं की तुम्ही तोडून टाकायचात. "जावंदे गो. झाला ता झाला." एकदा तर मी तुमच्या पायांवर डोकं ठेवून रडले. तुम्ही पाय आखडून घेतलेत आणि आतल्या खोलीकडे बघून ओरडलात, "अगो, हिका चाय दी, हिका काय तरी झाला." मला वाटायचं, केवढं मोठं मन या माणसाचं. माफ करतोय आणि माफ केल्याचं दाखवतही नाही. घरी येऊन मी आणखी रडायचे. रात्री डोळा लागायचा नाही, आणि लागला तरी तो उंबरा दिसायचा.

तुम्ही गेलात दुपारी, पेज जेवून जरा पडलात ते उठला नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. लोक म्हणाले, सोन्यासारखं मरण. मी मात्र मनात खुब्यापासून हृदयापर्यंत सरळ रेघ ओढली. माणूस चालता राहिला असता तर हृदय थकलं नसतं. म्हणजे त्या लाद्या, म्हणजे मी. दहाव्याला कावळा पटकन शिवला तेव्हा सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मला वाटलं, अजून एकदा मला माफ केलंत.

मग तेरावं. जेवणं उरकली, तुमचा मुलगा पाहुण्यांना गेटापर्यंत सोडायला गेला, आणि मी उष्ट्या पातेल्यांचा ढीग उचलून तुमच्या मोरीकडे निघाले. काकी मागून म्हणाल्या, "जपून गो बाय, थंयच पडले हे."

मी पातेली घेऊन तशीच उभी. "कोण पडलं?"

"हे गो. आणि कोण."

"काका? केव्हा?"

काकींनी तोंडावर हात ठेवला. मग हात काढला, पाट ओढून खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, "ठेव ती भांडी. बस हंय."

काका, त्या दिवशी सकाळी तुम्ही गेटापासून टाकीपर्यंत वाट खरवडून आलात आणि पाय धुवायला न्हाणीत, म्हणजे याच मोरीत, गेलात. न्हाणीत कोपऱ्याला शेवाळ धरलं होतं. काकी महिनाभर तुमच्या मागे लागल्या होत्या. "मी किती सांगलंय, न्हाणी घासा, न्हाणी घासा. तर म्हणत, उद्या. साऱ्या कॉलनीचा काढूक वेळ, घरातल्याक उद्या." तिथेच तुमचा पाय गेला. काकी ओरडणार होत्या तर तुम्ही त्यांना थांबवलंत. मोडलेल्या खुब्याने तुम्ही त्यांना सांगितलंत, "आधी माका ओढून दारापर्यंत ने. मग बोंब मार." काकींनी तुम्हाला चादरीवर घेऊन उंबऱ्यापर्यंत ओढलं. पासष्ट वर्षांच्या बाईने. दर फुटाला तुम्ही ओठ चावत होतात, पण हूं केलं नाहीत. "म्हणाले, साऱ्या कॉलनीचा शेवाळ काढणारो गुणाजी सोताच्या न्हाणीत पडलो, असा म्हणतले लोक. मी जितो आसंय तवसर कोणाक सांगू नको."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो आपल्या कॉलनीत तळमजल्यावर होता, आणि मला पत्ता नव्हता. ऑपरेशननंतर न्हाणीत नवी खरखरीत फरशी आली, भिंतीला दांडा आला. मी समजले, आजारी माणसासाठी सोय केली. स्ट्रेचरवर तुमच्या अंगाला साबणाचा वास येत होता, हेसुद्धा मला तेव्हा कळलं होतं. पावसात पडलेल्या माणसाला साबणाचा वास कुठून येईल, एवढा साधा विचार मी दोन वर्षांत केला नाही. ज्याला आपली चूक पक्की ठाऊक असते तो वास घेत बसत नाही.

मला पहिल्यांदा काय वाटलं, सांगू? हसू आलं. तेराव्याच्या दिवशी, तुमच्या मोरीच्या दारात, मी पातेल्यांशेजारी बसून हसले. काकी घाबरल्या, मग त्याही हसायला लागल्या, आणि मग आम्ही दोघी रडलो. छातीवरून कोणी गोणी उचलावी तसं झालं मला. मी तुम्हाला पाडलं नव्हतं. मी तुम्हाला मारलं नव्हतं. घरी गेले, आडवी झाले, आणि सकाळी आठला नवऱ्याने उठवलं.

राग दुसऱ्या दिवशी आला. चांगला सणसणीत आला. दोन वर्षं, काका. मी तुमच्या पायांवर डोकं ठेवून रडत होते आणि तुम्ही चहा मागवत होतात. ते मोठं मन नव्हतं, ती लाज होती. मी माफी मागितली की तुम्हाला पळायला जागा नसायची, म्हणून तुम्ही मला तोडत होतात. एका शब्दाने मला मोकळं करता आलं असतं. पण मग लगेच दुसरा विचार येतो. मीही एका शब्दाने तुम्हाला मोकळं करू शकले असते. "काका, मी तिथे पडले होते," एवढंच म्हटलं असतं तर लाद्या मुळात तुम्ही पडायच्या आधीच उखडल्या असत्या, आणि तुम्हाला तुमची न्हाणी लपवायला जागाच राहिली नसती. तुम्ही पडलात एका जागी आणि सांगितलंत दुसऱ्या. मीही तेच केलं. एकाच वाटेचे दोन चोर, आणि दोघे रोज सकाळी समोरासमोर चहा पीत होतो.

एक गोष्ट काकींनाही माहीत नाही. मी विचारलं, त्या म्हणाल्या, "माका नाय ठाऊक बाय." नळाचं वळण तुमच्या खिडकीतून दिसतं. त्या संध्याकाळी तुम्ही खिडकीत होतात का? मला पडताना, इकडे तिकडे बघताना, टोमॅटो गोळा करताना पाहिलंत का? म्हणूनच तर दुसऱ्या दिवशी हाताचं विचारलंत, आणि मी सांगत नाही म्हटल्यावर आठ दिवसांनी तुमच्या तोंडून लाद्या निघाल्या? की फक्त लाजेपोटी जे पहिलं सुचलं ते बोललात? कधी मला एक वाटतं, कधी दुसरं. एवढं खरं की तुमच्या खोट्यामुळे लाद्या गेल्या, आणि त्या दोन पावसाळ्यांत तिथे कोणाचा खुबा मोडला नाही. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. रागावलेली आणि ऋणी, दोन्ही.

आता कालचं सांगते. मीटिंग होती, खाली पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. आधी तुमच्यासाठी सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग नवा सेक्रेटरी निखिल उठला. तुमच्यावर त्याचा फार जीव होता, हे कबूल करायला हवं. तो म्हणाला, "आपण काकांची आठवण म्हणून ही वाट नवीन करूया. सगळी ग्रॅनाइटची. मध्ये काकांच्या नावाची पितळी पाटी." मोबाइलवर त्याने फोटो दाखवला. हॉटेलच्या आत असतो तसला चकचकीत दगड, तोंड दिसेल असा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

शहाभाभी म्हणाल्या, "पण काका तर टाइल्सवरच पडला होता ना?"

"भाभी, ते वयामुळे पण असेल ना," निखिल म्हणाला. "त्या टाइल्स पण हलक्या होत्या. आणि कोणी बघितलंय का पडताना? काकी, तुम्हीच सांगा. नक्की टाइल्सवरच पडले होते ना?"

त्याच्या मनात काही नव्हतं, त्याने सहज विचारलं. पण काकी कात्रीत सापडल्या. नाही म्हणावं तर तुमची न्हाणी सगळ्या कॉलनीसमोर उघडी पडणार आणि वर तुमच्या नावाने चकचकीत दगड बसणार. हो म्हणावं तर तुम्हाला जाऊन पुरते वीस दिवस झाले नाहीत, आणि चाळीस माणसांसमोर खोटं बोलायचं. त्यांनी तोंड उघडलं. त्या खरंच सांगणार होत्या, काका. मला मोकळं करायला सांगणार होत्या, हे मला दिसलं.

मी उभी राहिले. "काकींना कशाला विचारतोस, मला विचार. मी पडले होते तिथे."

"तू? कधी?" शहाभाभींनी विचारलं.

"काकांच्या आठ दिवस आधी. नळाच्या वळणावर. कोपर सुजलं होतं. तेव्हा सेक्रेटरी मीच होते, आणि मी कोणाला सांगितलं नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे तुला माहीत होतं त्या घसरतात?"

"हो."

"आणि तरी काका पडेपर्यंत तू..."

"हो," मी म्हटलं. "ग्रॅनाइट याच्याहून घसरेल. वाट खडबडीत करा. सिमेंटचा कोबा, आणि त्यावर जवळजवळ खाचा. काकांनी इतकी वर्षं तेच सांगितलं."

 नवरा माझ्याकडे असा बघत होता की घरी गेल्यावर स्टेशनच्या जिन्याचा विषय निघणार हे नक्की झालं. शहाभाभींनी खुर्ची जराशी माझ्यापासून सरकवली, की मला तसं वाटलं. मग निखिलने मोबाइल खिशात टाकला आणि कोब्याला कोण कोण तयार आहे ते विचारलं. हात वर झाले. पाटीचं त्याने परत काकींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "पाटी नको रे बाबा. तिच्यावर पण शेवाळ धरतला."

मीटिंग संपल्यावर काकींना घरात सोडायला गेले. दार लावायच्या आधी त्यांनी माझा दंड धरला. "न्हाणीचा कशाक नाय सांगलंस? मी सांगतच होतंय. आता जन्मभर लोक तुकाच बोल लावतले."

"लावू देत," मी म्हटलं.

दोन वर्षं तो बोल मी मनातल्या मनात स्वतःला लावत होते आणि घास गिळत नव्हता. काल चाळीस माणसांनी तोंडावर लावला, आणि मी घरी येऊन दोन चपात्या जास्त खाल्ल्या.